मेव्हण्याची गाडी

भंडारा, रविवार संध्याकाळ

काहून बोललो मी तसं? कोणी विचारलंही नव्हतं.

नागपूरहून परत येताना आम्ही दोघं नवरा-बायको भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूरला चहासाठी थांबलो. तिथे कॉलेजातला सुधाकर भेटला. नव्याकोऱ्या मोठ्या गाडीतून उतरला आणि आमच्या गाडीकडे पाहून म्हणाला, "अबे, गाडी जुनी व्हायच्या आधीच बदलून टाकत जा. तू अजून हीच चालवून राहिला?"

माझ्या तोंडून निघालं, "नाही रे, ही मेव्हण्याची आहे. माझी सर्विसिंगले टाकली."

वंदना चहाचे कप घेऊन मागेच उभी होती. सुधाकरने तिच्याकडे पाहिलं. ती हसून म्हणाली, "हो, माह्या भावाची आहे."

मेव्हण्याची म्हणे! मागच्या वर्षी माझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हा याच गाडीतून तिने मला नागपूरला नेलं. नुकतीच शिकली होती. ओठ घट्ट दाबून ट्रकांच्या मधून गाडी काढत होती, आणि मी मागच्या सीटवर पडून तिची वेणी पाहत होतो.

सुधाकर गेल्यावर तिने चावी मागितली. "भावाची गाडी हाये ना? मंग मीच चालवतो." घरापर्यंत तिनेच चालवली.

आत्ता स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "चुकलं माझं. असंच निघून गेलं तोंडातून."

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आज गाडीची लाज वाटली. उद्या मले कोणाची सांगसान?"