वहीतले ‘घरी’ नेमके कोणाच्या घरी

प्रति,
मा. निरीक्षक,
मालवाहू वाहनचालकांचे कामाचे तास व नोंदवह्या तपासणी कक्ष

विषय : चालकाच्या नोंदवहीतील ‘घरी’ म्हणजे कोणाचे घर, याचा शोध घेणेबाबत.
संदर्भ : गेल्या महिन्याची पाने, आपल्या कार्यालयाचा ‘तपासले, बरोबर’ शिक्का असलेली.

महोदय,

अर्जदार शिवणकाम करते व एका ट्रकचालकाची लग्नाची बायको आहे. ‘लग्नाची’ मुद्दाम लिहिले आहे.

१. नियमाप्रमाणे चालकाने रोज दहा तास विश्रांती घेऊन ठिकाण वहीत लिहायचे असते. पतीच्या बॅगेची चेन बसवताना सदर वही अर्जदाराच्या हाती लागली. गेल्या महिन्यात सतरा वेळा ‘विश्रांती, घरी’ अशी नोंद आहे. पती येतात त्या दिवशी अर्जदार कॅलेंडरवर फुली मारते. फुल्या पाच आहेत.

२. उरलेल्या बारा वेळा नवरा घरी आणि बायकोला पत्ता नाही. सबब अर्जदाराने सवतीचा संशय घेतला. आडून विचारले असता पती ‘लिहावं लागतं’ एवढेच म्हणाले आणि घास हातात धरून बसल्याजागी झोपले. संशय बळावला.

३. सासूबाईंचे म्हणणे वेगळे पडले. दोन घरी जेवणारा पुरुष अंग धरतो, हा तर वाळत चाललाय, असे त्या म्हणतात. ते खरे आहे. पतीची पँट अर्जदारानेच दोनदा मिळून तीन इंच आत घेतली आहे.

४. तेव्हा अर्जदाराने हिशेब पुन्हा मांडला. पती इथे नव्हते, तिथेही नव्हते, तर बारा दिवस न झोपता गाडीवरच होते. गाडीच्या मालकाने वही भरून घेतली व आपल्याकडे न वाचताच शिक्का बसला, असा दाट संशय आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला, क्षमा असावी. तरी आधी सवतच शोधावी. सापडली तर अर्जदार आपले उपकार मानेल व तिचे काय ते बघून घेईल.

५. न सापडल्यास, चालू पान पाहावे. ते रविवारपर्यंत आगाऊ भरलेले आहे. त्यानुसार पती आज सकाळी आठपासून घरी आहेत. आता दुपारचा एक वाजला आहे, ताट वाढलेले आहे आणि फोन लागत नाही. सरकारी नोंद खोटी पडू नये म्हणून गाडी असेल तेथे थांबवून त्यांना घरी पाठवावे. परवान्याला हात लावू नये, फक्त झोपू द्यावे.

वहीत घराचा पत्ता नाही, म्हणून खाली दिला आहे.

आपली नम्र,
अर्जदार (चालकाची पत्नी)
पाण्याच्या टाकीमागे, खिडकीत शिलाई मशीन दिसते ते घर
बुधवार, दुपारी एक

सोबत : १. वहीतील नोंदींची हाताने केलेली नक्कल
२. कॅलेंडरचे पान
३. पँटची मापे, आधीची व आताची