पोळ्याला धुतलेला डंपर

धरणाचे काम, मुक्काम शिरपूरजवळ
ता. १४ सप्टेंबर १९८९

तीर्थरूप चुडामणमामांच्या पायांवर भाचा रुपचंद याचा वाकून नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकलो आहे, कारण पुढे येईल.) इकडे माझी तब्येत बरी आहे. जेवायला दोन्ही वेळ बसतो, फक्त घास उतरत नाही. दोंडाईच्यात पाऊस कसा आहे? तुमचे गुडघे आणि मामींचा खोकला यांचे कळवावे. एस.टी.तून निवृत्त झाल्यावरही तुम्ही रोज पहाटे स्टँडवर जाऊन गाड्या वेळेवर सुटतात का ते बघता, असे आईने लिहिले होते. वाचून बरे वाटले आणि थोडी भीतीही वाटली.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून साहेबांनी मला इथे स्टोअरकीपर केले. आमच्या मोठ्या डंपरांना आग विझवायची सोय आहे. केबिनच्या मागे लाल टाकी असते, तिच्यातून नळ्या इंजिनपर्यंत जातात. इंजिनने पेट घेतला की ड्रायव्हरने केबिनमधली मूठ ओढायची, म्हणजे फेस सुटून जळत्या तेलावर गोधडीसारखा पसरतो. टाकीतले मिश्रण वर्षातून एकदा बदलायचे, आणि त्यासाठी लागणारे फोमचे औषध कॅनमध्ये माझ्या ताब्यात. (कुलूपसुद्धा माझेच. म्हणजे चोर बाहेरून आला म्हणायचीही सोय नाही.)

तर पोळ्याच्या दिवशी पावसामुळे काम बंद होते. सगळे ड्रायव्हर शेतकऱ्यांची पोरे, घरी बैलांना आंघोळ चाललेली आणि हे इथे पत्र्याखाली तोंडे पाडून बसलेले. तेवढ्यात झुलाल ड्रायव्हर म्हणाला, "आपला बैल ते हाऊच शे," आणि त्याने अय्युबच्या डंपरकडे बोट केले. लागलीच सगळे उठले. पण महिनाभराचे ग्रीस आणि चिखल, साध्या साबणाला काय दाद देणार? तेव्हा मामा, मीच शहाणा पुढे झालो. कॅन उघडला आणि बादलीत ओतला. काय फेस आला म्हणून सांगू, डंपर दिसेनासा झाला. मग त्याला हळद लावली, बॉनेटवर झूल टाकली, आरशांना गोंडे बांधले. भिकुबाईने (ही आमची स्वयंपाकीण) पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. अय्युबने तर डंपरच्या नाकावरून असा हात फिरवला की मलाही भरून आले. त्या दिवशी मला फार मान मिळाला. त्या मानापायी माझी अक्कल गहाण पडली.

आठच दिवसांत त्याच डंपरच्या टाकीतले मिश्रण बदलायची तारीख आली आणि कॅन तर कोरडा. साहेबांना सांगितले असते तर चार शिव्या खाऊन सुटलो असतो. मी टाकीत पाणी भरले, त्यात मूठभर धुण्याची पावडर टाकली आणि कार्डावर 'फोम भरला' असे लिहून सही केली. सही मात्र वळणदार आली.

परवा उघडीप होती. मुरूम भरून चढावर येताना अय्युबच्या इंजिनवर तेल गळून भडका उडाला. त्याने मूठ ओढली. नळ्यांतून पाणी आले, चार बुडबुडे आले, आणि जळते तेल त्या पाण्याबरोबर आणखी पसरले. अय्युबने खाली उडी मारून फावड्याने मुरूम टाकटाकून आग विझवली. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि अर्धी मिशी गेली. मी स्टोअरच्या दारात नुसता उभा होतो. मला त्या नुसते उभे राहण्याची एवढी लाज वाटते की लिहितानाही मान वर होत नाही.

पुढचे त्याहून वाईट. पोळ्याची बादली अय्युबने पाहिली होतीच, त्याला सगळे उमगले. तरी साहेबांनी विचारल्यावर तो म्हणाला की घाबरलो, मूठ ओढायला उशीर झाला. मी पट्टी बदलायला गेलो तर मलाच म्हणतो, "जाऊ दे भो, मिशा परत येतीन." साहेबांनी मात्र घाबरट माणूस डंपरवर नको म्हणून त्याला सोमवारपासून कामावरून कमी करायचे ठरवले. मग मी तडक तंबूत गेलो आणि साहेबांना सगळे खरे सांगून टाकले. आता मन हलके आहे. तुम्ही काळजी करू नये. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
रुपचंद

ता. क. मन हलके आहे असे वर लिहिले ते तितकेसे खरे नाही.

ता. क. साहेबांना सांगितले, तेही खरे नाही. तीनदा तंबूपर्यंत गेलो. दोनदा दारातून परतलो, तिसऱ्यांदा आत गेलो आणि चहा पाठवू का असे विचारून आलो.

ता. क. सोमवारी पहिल्या गाडीने याच. माझ्यासाठी शब्द टाकू नका, एकदा टाकलात तेवढा पुरे. फक्त साहेबांसमोरच्या खुर्चीवर बसा आणि माझ्याकडे बघत राहा. तुमच्या तोंडावर मला खोटे बोलता येत नाही. पत्रात येते, ते तुम्ही पाहिलेच.