फोन तिरका धरून

प्रिय ताठबाई,

रविवारी तू पहिल्यांदाच मला समोरासमोर भेटायला येणार, म्हणून हे लिहून टाकतोय. पाठवणार मात्र नाही.

प्राचार्यांशी भांडून कॉलेज सोडलं, ही थाप होती. दुसऱ्या तासापर्यंत मी शेजारच्याच्या खांद्यावर कलंडायचो, म्हणून जाणं बंद केलं.

आपला स्नायूंचा आजार एकच. तुमच्याकडे दर सहा महिन्यांनी तुझ्या पाठीचा एक्स-रे काढत होते. कणा वाकायला लागताच त्यांनी ऑपरेशन करून त्यात सळ्या घातल्या, आणि तू ताठबाई झालीस. आमच्याकडचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, "या आजारात ऑपरेशन कशाला? चांगली चाकाची खुर्ची घ्या." आम्ही घेतली.

गेल्या महिन्यात तुला न सांगता तुझ्याच डॉक्टरांना दाखवून आलो. "दोन वर्षं उशीर झाला," ते म्हणाले. "आता फुफ्फुसांना भूल झेपणार नाही." तुझं घर तिथून दोन चौकांवर होतं. मी बाबांना गाडी वळवू दिली नाही.

व्हिडिओ कॉलवर मी सरळ दिसतो, कारण ताई फोन तिरका धरते. तिरकं दिसेल म्हणून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढून टाकलंय. परवा ती वैतागली, "तुझ्या प्रेमापायी माझं मनगट जाईल. सांगून टाक की तिला." मी तिच्यावर खेकसलो.

उद्या फोनवर काहीतरी खुसपट काढून तुझ्याशी भांडेन. ते मला छान जमतं. मग तू येणार नाहीस, आणि तुझ्या आठवणीत मी सरळच बसलेला राहीन.

हे वाचत नाहीस तोवर तुझाच,
तापट