पर्ल शिट्टीला येत नाही

१२ सप्टेंबर १९५८
ओर्विल येऊन गेला. एल्डनचा धाकटा भाऊ, माझा दीर, पण तोरा थोरल्याचा. अंगणात उभं राहून पर्लला शिट्टी मारली. ती कुंपणापाशी गवत हुंगत राहिली. पुन्हा शिट्टी. नाहीच!
"मालक गेला आणि कुत्री बिघडली. शिकारीत न ऐकणाऱ्या कुत्रीचं काय करतात, ठाऊक आहे ना, इंगा?"
ठाऊक आहे. आमच्या माळावर गोळी घालतात.
"कुत्री माझी आहे," एवढंच म्हणाले. कॉफी विचारली नाही.

१३ सप्टेंबर
काल ओर्विल जाताना म्हणाला ते डोक्यातून जात नाही. "गेल्या हंगामात एल्डनने शिट्टी मारणं सोडलं, तेव्हाच डॉक्टरकडे न्यायचं होतंस."
एल्डन म्हणाला होता — दम पुरत नाही. मी मफलर विणून दिला. मफलर! फेब्रुवारीत छातीत कळ आली आणि संपलं.

१६ सप्टेंबर
एल्डनची बंदूक पुसली. टेकडीमागे डब्यांवर नेम धरला. खांदा काळानिळा. डबे शाबूत.

१९ सप्टेंबर
उद्या शिकारीचा हंगाम उघडतो. ओर्विलचा निरोप — पर्लला आणू नकोस.
आणणार!

२० सप्टेंबर
सगळे शेजारी ओळीत उभे. म्हातारा लार्स हसला, "पाय मोकळे करायला आलीस होय, इंगा?"
"पक्षी मारायला."
पर्ल गवतात सुसाट सुटली. शिट्टी फुंकून फुंकून ओर्विल लालबुंद झाला. ती थांबेना. त्याने बंदूक खांद्याला लावली — नळी तिच्याकडे! मी आडवी गेले.
"घाल गोळी. आधी मला घाल."
तेवढ्यात पर्लने वळून पाहिलं. मी हात वर केला, एल्डन गेल्या वर्षी अंगणात करायचा तसा. जागच्या जागी थांबली! डावीकडे हात केला, डावीकडे गेली. मग वास लागला — एक पाय उचललेला, शेपूट ताठ, दगडासारखी. मी तिच्या पुढे चालत गेले. गवतातले ग्राउज पक्षी भर्रकन उठले. माझे दोन्ही बार फुकट. पण पर्ल हलली नाही.
कुणी हसलं नाही. ओर्विल पुटपुटला, "हातवारे? हे काय नवीन खूळ?"
"आमच्या घरची पद्धत."

२१ सप्टेंबर
सकाळी पर्लच्या मागेच पातेलं पडलं. मी दचकले. तिचा कानही हलला नाही. मुद्दाम पुन्हा आपटलं. काही नाही.
तिला ऐकूच येत नाही. म्हणजे एल्डनला दम पुरत होता. भरपूर पुरत होता. लबाड!
ओर्विलला मीही सांगणार नाही.