अविवाहित मुलीचा नंबर

नाशिक,
१४ सप्टेंबर २००३

प्रिय छायाताई,

सप्रेम जयभीम. आम्ही बरे आहोत. द्वारका चौकात गाड्यांची कोंडी तशीच, ऑफिसातून घरी पोचेपर्यंत जीव जातो.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पंचनामाच! रविवारी फोन कोणी उचलला? व्हिसाच्या फोटोत संजनाने ओढणी गळ्याशी एवढी का लपेटली? इगतपुरीचा तांदूळ कोण आणून देतं? अगं, नऊ वर्षांत लेकीच्या ओढणीकडे पहिल्यांदा लक्ष गेलं तुझं.

मलाही एक शंका आहे. तू नर्सच्या नोकरीवर अमेरिकेला गेलीस, धाकटा साई एकविसाच्या आतला म्हणून तुझ्याबरोबर गेला. संजनाला एकवीस वर्षं पूर्ण झालेली, म्हणून ती माझ्याकडे राहिली आणि तिचा अर्ज ‘अविवाहित मुलगी’ म्हणून वेगळा पडला. तेव्हापासून प्रत्येक स्थळाला तुझा नकार. का, तर लग्न झालं की व्हिसाच्या रांगेतला नंबर रद्द! आता नंबर आलाय. पण साईची बायको डिसेंबरात बाळंत होणार, आणि तुझी घाई नेमकी आत्ताच वाढली. तुला लेक हवीय की बाळ सांभाळायला हक्काचं माणूस? खरं सांग.

‘काही भानगड असेल तर लपवा, पण सही करून पाठवा,’ असं लिहिलंस. तो अविवाहित असल्याचा कागद मी संजनापुढे ठेवला. ती पेन उघडून बराच वेळ बसली. ताई, तिला तुझ्याकडे यायचंय गं. थंडीत अजून तुझाच जुना स्वेटर घालते. शेवटी म्हणाली, “मावशी, आईला भेटायचं म्हणून महेश माझा कोणी नाही असं लिहून देऊ का?” आणि रडायला लागली.

महेश इगतपुरीला रेल्वेत आहे. फोन त्यानेच उचलला होता. जूनमध्ये दोघांनी रजिस्टर लग्न केलं. महिनाभर नोटीस बोर्डावर होती, आपल्यातल्या कोणी वाचली नाही. साक्षीदार तीन लागतात. दोन त्याचे मित्र होते.

तुला आधी कळवायला हवं होतं, चुकलंच माझं. पण तू नाही म्हणशील याची भीती वाटली.

कागद सही न करता परत पाठवतेय. सोबत लग्नाचा फोटो आहे, त्यात गळा नीट दिसतो. चिडायचं तर माझ्यावर चीड. तिला मात्र एकदा फोन कर.

तुझ्या जागी उभी राहिलेली,
साक्षीदार क्रमांक तीन,
मंजुषा