घुमटाखालचा माग

देहनौ, ४ आबान

ती. होशंगदादास,
नर्गुलचा शि. सा. न. वि. वि.

इकडे केशर फुललंय आणि जमीनही जागी झालीय. रोज कितीदा तरी थरथरते. मोठं काही नाही. फळीवरचे पेले किणकिणतात, कोंबड्या ओरडतात, की संपलं. तरी सारं गाव अंगणात नि शेतात झोपायला गेलंय. आई मात्र घुमटाच्या खोलीतून हलत नाही. माझ्या लग्नाचा गालिचा अर्धा विणून झालाय; मागावरचे ताणे सैल पडले तर नक्षी वाकडी होईल, म्हणते. शिवाय हा घुमट तुमच्या बाबांनी बांधलाय, जमीन नुसती आळस देतेय, तुम्हीच भित्रे, असंही ऐकवते. मग मीही तिच्यापाशीच निजते. तूच काहीतरी लिही. तुझं ती ऐकते, निदान ऐकल्यासारखं करते.

तुझी,
नर्गुल


मशहद, ९ आबान

चि. नर्गुल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र बेकरीच्या भट्टीपुढे उभ्यानेच वाचलं. बसबरोबर तंबू आणि घोंगड्या पाठवल्या आहेत. आईला सांग, तुझा होणारा नवरा काही नक्षी न्याहाळणारा दिसत नाही, वाकड्या गालिच्यावरही मजेत बसेल. पण आई नसेल त्या लग्नात मी पाऊल ठेवणार नाही. शेजारच्या झैतूनखानमला बोलाव, असं लिहिणार होतो. पण तिच्या मेंढ्यांनी आपलं शेत खाल्लं तेव्हापासून आई तिचं नावही घेऊ देत नाही. सुट्टी मिळताच निघतो. दोघी जपून राहा.

तुझा दादा,
होशंग


देहनौ, १७ आबान

ती. दादास सा. न.

आधी हे वाच: आम्ही सुखरूप आहोत. आता बाकीचं.

तुझं पत्र वाचून दाखवलं. आईने डोळे पुसले आणि पुन्हा गाठी मारायला बसली. मला रडू आवरेना. ते ऐकून झैतूनखानम न बोलावता आत आली आणि मागापाशी ठाण मांडून बसली. आईकडे न बघता भिंतीला म्हणाली, की ही बाई उठत नसेल तर मीही उठत नाही. दोघी मेलो की लोक म्हणतील, झैतून शेजारधर्माला जागली आणि ही मर्जान हट्टाला. आई भडकली. तिनेही भिंतीलाच बजावलं, की गालिचा सोडून मी जायची नाही. त्यावर झैतूनखानम म्हणाली, मग गालिचाच उठवू. तिने आपल्या मुलांना हाका मारल्या. ताणे जराही ढिले न करता त्यांनी अख्खा माग आडवा करून दारातून काढला. मागोमाग शिव्या देत आई तू पाठवलेल्या तंबूत आली.

परवा दुपारी आम्ही तिथे केशराची फुलं निवडत होतो. धक्का लहानच होता, पण रोजच्या हादऱ्यांनी घुमट खिळखिळा झाला असणार. एकदम खाली बसला. धूळ विरली तेव्हा मागाच्या जागी मातीचा ढीग होता.

आईने ढिगाकडे एकदा पाहिलं. मग उठली, चहा केला आणि पहिला पेला झैतूनखानमपुढे ठेवला. साखर किती, ते विचारलं नाही. तिला लागतात तेवढेच खडे बशीत ठेवले. झैतूनखानम इतकी रडली, की चहा गार झाला, आणि आईने त्यावरूनही तिला बोल लावले.

खुदाचे उपकार कसे फेडावेत? तू आलास की आधी तिच्या हातांचं चुंबन घे, मग आमच्याकडे ये. सध्या तंबूत आम्ही तिघी राहतो, तेव्हा लोभही तिघींवर असू दे.

तुझी,
नर्गुल