पंधरावं नाव

किलमोरा, लीट्रिम कौंटी
रविवार, १ फेब्रुवारी

प्रिय डर्वला,

तुझा बदलीचा अर्ज तीन आठवडे माझ्याकडे पडून होता. मूळ क्लबच्या सचिवाने मुदतीत संमती दिली नाही तर अर्ज बाद होतो, आणि मुदत उद्या संपते. म्हणून लिहिते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "अगं आई, आधी माझं ऐक ना" म्हणतेस, मी ऐकत बसते आणि माझं राहून जातं.

गेली तीन वर्षं तू हंगामापुरती परवानगी मागत होतीस. सिडनीच्या संघाकडून आपला काठी-चेंडूचा खेळ खेळायचा, नाव मात्र आपल्या किलमोराच्या यादीत राहायचं. मागणी आली त्याच दिवशी मी ती देऊन टाकायचे. या वेळी तू कायमची बदली मागितलीस. दोन्हींतला फरक मला समजावून सांगायला नको, हे काम मी तू शाळेत होतीस तेव्हापासून करते आहे. कारणाच्या रकान्यात 'कायम वास्तव्य' असं लिहिलं आहेस. ख्रिसमसला मात्र तू म्हणालीस, "बघू, उन्हाळ्यात येईन बहुधा." तिकडच्या कंपनीने तुला कायमचं ठेवून घ्यायचं ठरवलं आणि मुलगी आता तिकडचीच होणार, हे आईला क्लबच्या टपालातून कळलं. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "अक्षर मात्र सुधारलंय तिचं." अर्ज छापील होता.

तू निघालीस तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो. एका वर्षाचा प्रश्न आहे म्हणालीस. थोडं काम, थोडं फिरणं, आणि व्हिसाच्या नावातच सुट्टी आहे म्हटल्यावर काळजी कसली. मी तुला सगळ्या दाखल्यांच्या प्रतींची फाइल दिली. बाबांनी चहाच्या पिशव्यांचा एवढा मोठा डबा दिला, की विमानतळावरच्या बाईने विचारलं, "एवढे कोण पाहुणे येणार आहेत तिकडे?" बाबा म्हणाले, "कोणी येईल न येईल, चहा असलेला बरा." घरी आल्यावर थेट मैदानावर गेले आणि गवत कापायची वेळ नसताना सबंध मैदान कापून आले.

त्यानंतर मी तुझ्या मागे मागे नकाशावर फिरले. कॉफीच्या दुकानातली चार महिन्यांची नोकरी. मग दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळावा म्हणून क्वीन्सलंडमध्ये केळ्यांच्या मळ्यावर काढलेले दिवस. घडातून बेडूक अंगावर उडी मारतात हे तू हसत सांगितलंस, आणि मी बेडकांची माहिती काढून वाचली. विषारी नसतात. तिसऱ्या वर्षासाठी पुन्हा मळा. आणि मग बँकेतली नोकरी सोडून गेलेली, गणिताची पदवी असलेली माझी मुलगी रस्त्याच्या कामावर हेल्मेट घालून 'थांबा' आणि 'हळू' अशी पाटी फिरवत होती, ती वर्षभरात त्या कंपनीचं सगळं वेळापत्रक सांभाळायला लागली. पाटीच्या दिवसांत शेजाऱ्यांनी विचारलं, तर मी "रस्ते वाहतुकीत आहे" असं सांगायचे. त्यात खोटं काही नव्हतं.

मी खोटं लिहीत नाही, हे तुझ्याइतकं कुणी सोसलेलं नाही. उपांत्य सामन्याची बातमी आठवते का? साप्ताहिकाला क्लबच्या बातम्या मीच पाठवायची, आणि मी लिहिलं होतं की गोलरक्षक (क्रमांक एक) डर्वला मल्व्हीच्या हातून सोपा चेंडू निसटला आणि किलमोरा हरलं. तू आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस. बोललीस ती एवढंच, "इतरांच्या आया पोरींची बाजू घेतात. तू चेंडूची घेतलीस." मी म्हटलं, "चेंडू निसटला होता." बाबा मध्ये पडले, "अट्रॅक्टा, चेंडू ओला होता एवढं तरी लिहायचंस." तो ओला होता. पण दोन्ही बाजूंना तोच चेंडू होता.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. कौंटी समितीला हंगामाच्या आधी संघाची पंधरा नावं लागतात. तुझ्यामागून दोघी पर्थला गेल्या, एक मेलबर्नला, मग जुळ्या बहिणी एकाच दिवशी व्हँकुव्हरला. सगळ्या तुझ्याच वयाच्या, सगळ्यांकडे तसलाच वर्षाचा व्हिसा, आणि सगळ्या एका वर्षातच परत येणार होत्या. राहिलेल्यांत शाळकरी मुली घेतल्या, डॉक्टरीणबाईंना गळ घातली, दोन मुलांच्या आईला परत बूट चढवायला लावले. तरी चौदाच झाल्या. पंधरावं नाव तुझं होतं. परवानगीवर गेलेली खेळाडू म्हणजे परत येणारी खेळाडू, असा नियम आहे, आणि मी नियमावर बोट ठेवून दोन हंगाम तुझं नाव दिलं. प्रत्यक्ष मैदानात आम्ही चौदाच उतरायचो आणि गोलात जी दमलेली असेल ती उभी राहायची. पण कागदावर किलमोरा जिवंत होतं. तुझी बदली झाली, की किलमोराचा बायकांचा संघ संपला आणि उरलेल्यांना खेळायचं असेल, तर शेजारच्या ड्रमीन क्लबमध्ये सामील व्हावं लागणार.

ड्रमीन! मला हे लिहिताना अजून पेन अडखळल्यासारखं होतं. त्या लोकांनी आपला सामना मैदानावर नाही, खिडकीपाशी जिंकला होता. संघाची यादी आयर्लंडमध्ये बनवलेल्या कागदावरच हवी, असा तेव्हा नियम होता. माझ्याकडचा संपला होता, म्हणून मी शाळेतला घेतला. ड्रमीनची सचिव कॉन्सेप्टा गिलहूली हिने तो उजेडासमोर धरला, जलचिन्ह शोधलं, सापडलं नाही, आणि हरकत नोंदवली. आपण सात गुणांनी जिंकलेला सामना गेला. अकरा वर्षं मी तिच्याशी हवामानाखेरीज बोललेले नाही.

तीच कॉन्सेप्टा गुरुवारी दुपारी दारात उभी राहिली. तिलाही मुली कमी पडत होत्या. मी चौदा तरी जमवल्या होत्या, तिच्याकडे बाराच होत्या. हातात मनुकांचा केक होता. बाबांनी दार उघडलं आणि म्हणाले, "ये, ये. शत्रूला चहा कसा लागतो?" ती म्हणाली, "कडक, फिन्टन. आणि तुझी बायको विष घालणार असेल, तर साखर जास्त." मी साखर जास्त घातली. बराच वेळ आम्ही मैदान कुणाचं वापरायचं आणि जर्सीचा रंग कोणता यावर बोलत राहिलो. मग तिने फोन काढला. "हे बघ, आपल्या पोरींनी तिकडे एकीकरण कधीच करून टाकलंय. सह्या तेवढ्या आपल्या राहिल्यात."

तुझ्यापुढे बचावाला ड्रमीनची एक मुलगी खेळते, एवढं तू सांगितलं होतंस. ती कॉन्सेप्टाची मुलगी ब्रोना आहे, जिने सामन्यात तुझी करंगळी मोडली तीच, आणि तुम्ही दोघी एका घरात राहता, हे सांगितलं नव्हतंस. माझ्या भीतीने असेल. तिच्या फोनवरच्या फोटोत तुम्ही पायरीवर बसून एकाच ताटलीतलं काहीतरी खात आहात. ब्रोनाचं नाक उन्हाने सोललं आहे. तू केस कापलेस. मानेपर्यंत. मला माहीत नव्हतं. तू पाच वर्षांची असताना कात्री लागली म्हणून सगळं घर डोक्यावर घेतलं होतंस, तेव्हापासून तुझी वेणी मीच घालत आले, सामन्याआधीसुद्धा, हेल्मेटाखाली कशी मावते याची मला काळजी वाटायची. कॉन्सेप्टा माझ्याकडेच बघत होती. "माझी रोज एक फोटो पाठवते," ती म्हणाली, "ऊन दाखवायला. इथे मी पावसात कोंबड्या गोळा करत असते, आणि ही मला ऊन दाखवते. बघून झाला, की मी फोन पिठाच्या डब्यात ठेवते. नाहीतर दिवसभर काढून बघत बसते." मग विचारलं, "आवडले का केस?" मी म्हटलं, "गोलरक्षकाला सोयीचे आहेत." ती गेल्यावर बाबा म्हणाले, "बाई वाईट नाही." मी म्हटलं, "केक कोरडा होता." बाबांनी तोवर तिसरा तुकडा घेतला होता.

तीन आठवडे मी काय करत होते, असं तू विचारशील. रोज सकाळी अर्ज उघडायची आणि बंद करायची. नुसतं काही न करणं पुरेसं होतं. मुदत टळली असती, तू वर्षभर आपल्या यादीत राहिली असतीस, आणि कुणी बोटही दाखवलं नसतं. सचिव म्हातारी झाली, विसरली, एवढंच म्हणाले असते. पण मग तिकडे सगळ्या मैदानात उतरल्या असत्या आणि संमतीशिवाय तू पिशव्या सांभाळत कडेला बसली असतीस. कडेला बसलेली तू कशी दिसतेस ते मी करंगळी मोडली त्या हंगामात पाहिलं आहे.

काल सकाळी नाश्त्यानंतर मी संमती दिली. तू हे वाचशील तोवर ती मागे घेता येणार नाही आणि तुलाही अर्ज परत घेता येणार नाही. मी मुद्दाम हाच क्रम ठेवला, आधी संमती आणि मग पत्र. पंधराव्या नावाची गोष्ट वाचून तू परत यावंस म्हणून ती लिहिलेली नाही. तुला ती कॉन्सेप्टाच्या तोंडून, म्हणजे ब्रोनाच्या तोंडून कळण्याऐवजी माझ्याकडून कळावी, इतकंच.

संमती दिल्यावर सगळ्या जर्सी शेवटच्या धुवायला काढल्या. काल संत ब्रिजिडच्या सणाची आदली संध्याकाळ होती. तुझी आजी या दिवशी काटेरी झुडपावर एक फडकं टाकून ठेवायची. रात्री ब्रिजिड गावातून जाते, फडक्याला हात लावते, आणि मग ते वर्षभर डोकेदुखीला आणि प्रवासाला जाणाऱ्याला उपयोगी पडतं, असं म्हणायची. तुझ्या परीक्षांत तिने ते तुझ्या कपाळाला बांधलं, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "आई, मी शाळेत विज्ञान शिकवते, निदान माझ्या घरात तरी हे नको." तर काल धुतलेले कपडे मी सगळे आत घेतले आणि एक बाहेर राहून गेला. आज सकाळी बाबा म्हणाले, "पावसात कपडा बाहेर विसरणारी तू नव्हेस." मी म्हटलं, "वय झालं." ते म्हणाले, "दोरीवरून झुडपावर कसा गेला मग?" मी म्हटलं, "वारा होता." वारा नव्हता.

आज प्रार्थनेनंतर क्लबच्या खोलीत कॉन्सेप्टाला सगळं सोपवलं. तिने एकेक वस्तू मोजली, मी एकेक लिहिली, दोघींनी सह्या केल्या. तिने यादी आधी खिडकीसमोर धरली आणि मग हसली. मीही हसले, थोडी. शेवटच्या ओळीशी ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता सही करून टाकली. बदली झाली हे तुला माझ्या पत्राशिवायही कळलं असतं. हे पत्र मी लिहिलं, कारण इतक्या वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा नोंदीत खोटं लिहिलं गेलं आहे, आणि ते निदान एका माणसाला माहीत असावं. यासोबतचं पाकीट नीट उघड. कोपरावरचा गवताचा हिरवा डाग निघालेला नाही. मी फार घासलाही नाही. खालची यादी क्लबच्या नोंदीबरहुकूम उतरवली आहे.

तुझीच,
आजपासून कुठल्याच क्लबची सचिव नसलेली,
आई

किलमोरा बायकांच्या संघाकडून ड्रमीनकडे सोपवलं:
खोलीच्या किल्ल्या, दोन्ही.
गोलाच्या जाळ्या, दोन. एक शिवलेली.
चेंडू, सहा. हवा भरायचा पंप.
कौंटी विजेतेपदाचा चषक, एक कान तुटलेला.
जर्सी, क्रमांक दोन ते पंधरा, धुतलेल्या.
जर्सी, क्रमांक एक: सगळीकडे शोधली, सापडली नाही.